बोटातल्या शिरांवरून ओळख: काळ्या पेटीपासून मॉडेलपर्यंत

रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रापाशी ‘अंगठा लागत नाही’ हे वाक्य महाराष्ट्रात नवं नाही. ऊसतोड, गवंडीकाम, धुणीभांडी यांत बोटांवरच्या रेघा झिजतात. कातडीखालच्या शिरांचं जाळं झिजत नाही, आणि प्रत्येक बोटाचं ते वेगळं असतं. म्हणूनच शिरांवरून ओळख पटवण्याचं तंत्र इतकं कामाचं आहे. एक खुलासा आधीच: आधारसाठी बोटांचे ठसे, बुबुळं आणि चेहरा घेतात, शिरा घेत नाहीत. त्यामुळे इथे सांगितलेली यंत्रणा रेशनला चालणार नाही. प्रयोगशाळेचं दार, छोट्या कार्यालयाची हजेरी, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, अशा कामांसाठी ती आहे.

थोडं पायथॉन येत असेल आणि सोल्डरिंग गन हातात धरता येत असेल, तर पेटी (बोट आत ठेवून शिरांचं चित्र घेणारं काळं खोकं), छायाचित्रण, मॉडेल आणि चाचणी हे सगळं कॉलेजच्या एका सत्रात बसतं. वेळेची वाटणी मात्र बहुतेक जण उलटी करतात. पेटीला दोन दिवस देतात आणि मॉडेलशी दोन महिने झटतात. खराब चित्रांवर कुठलंही न्यूरल नेटवर्क (पुढे नुसतं ‘जाळं’) चांगलं चालत नाही, तेव्हा निम्मा वेळ पेटीसाठीच राखून ठेवा.

शिरा दिसतात कशा

साध्या उजेडात बोट अपारदर्शक असतं. ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश मात्र कातडी, चरबी आणि स्नायूंमधून बऱ्यापैकी आरपार जातो. रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषून घेतं. बोटाच्या वरून असा प्रकाश टाकून खालून कॅमेऱ्यानं पाहिलं, की उजळ बोटात शिरा गडद रेघांसारख्या उमटतात.

‘ऑक्सिजन नसलेलं रक्तच प्रकाश शोषतं, म्हणून फक्त शिरा दिसतात’ असं पुष्कळ प्रकल्प-अहवालांत लिहिलेलं असतं. ते ७६० नॅनोमीटरच्या आसपास खरं आहे. ८०० च्या सुमारास दोन्ही प्रकारचं रक्त सारखंच शोषतं, आणि ८५० ला, म्हणजे आपण जो एलईडी वापरणार तिथे, ऑक्सिजनवालं रक्त उलट थोडं जास्तच शोषतं. तरीही चित्रात मुख्यतः शिराच दिसतात, कारण त्या रोहिण्यांपेक्षा रुंद आणि कातडीला जवळ असतात. खोलवरची रेघ वाटेतल्या मांसात प्रकाश विखुरल्यामुळे पुसट होऊन जाते. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

९४० नॅनोमीटरचे एलईडी डोळ्यांना अजिबात दिसत नाहीत म्हणून काहींना आवडतात. पण तिथे पाण्याचं शोषण वाढू लागतं आणि साध्या कॅमेरा सेन्सरची संवेदनशीलताही बरीच घसरते. ८५० घ्या. तो लागल्यावर अंधारात मंद लाल दिसतो, त्यामुळे चालू आहे की नाही तेही कळतं.

पेटी

लागणारं सामान असं: रास्पबेरी पाय हा छोटा संगणक (४ असला तर उत्तम), त्याचा अवरक्त गाळणी नसलेला ‘नो-आयआर’ कॅमेरा, ५ मिलिमीटरचे ८५० नॅनोमीटरवाले ८ एलईडी, आयआरएलझेड४४एन मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), रोधक (रेझिस्टर), झिरो पीसीबी, काळा सनबोर्ड, दुधी अ‍ॅक्रिलिकचा एक तुकडा. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर यातलं बहुतेक मिळून जातं. दुधी अ‍ॅक्रिलिक दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्याकडे कातरणीतला तुकडा म्हणून सहज मिळतो.

कॅमेरा तळाशी, भिंग वरच्या दिशेला. त्याच्यावर ८ सेंटीमीटरवर बोट येईल अशी खाच करा. आवृत्ती २ च्या कॅमेऱ्याचा आडवा कोन सुमारे ६२ अंशांचा आहे, म्हणजे ८ सेंटीमीटरवरून साडेनऊ सेंटीमीटर रुंदीचा भाग दिसतो. ६४० बाय ४८० चं चित्र घेतलं तर एका मिलिमीटरला साडेसहा पिक्सेल पडतात. मिलिमीटरभर रुंद शिरेला एवढे पुरतात.

हा कॅमेरा लांबचं पाहण्यासाठी जुळवलेला येतो, त्यामुळे ८ सेंटीमीटरवर सगळं धूसर दिसतं. भिंग सोबतच्या चकतीनं हळूहळू फिरवून जवळ आणावं लागतं. हे काम ट्यूबलाइटच्या उजेडात करू नका. अवरक्त प्रकाश त्याच भिंगातून थोडा वेगळ्या अंतरावर एकवटतो, म्हणून अवरक्त एलईडी लावूनच जुळवा. समोर लेझर प्रिंटरवर छापलेला बारीक मजकूर धरा. निळ्या बॉलपेननं लिहिलेला कागद धराल तर पडद्यावर कोरा कागद दिसण्याची शक्यता आहे. अशी बरीच शाई अवरक्तात पारदर्शक असते, आणि टोनरमध्ये काजळी असल्यामुळे तो काळाच राहतो. हा टोनर शेवटी पुन्हा भेटणार आहे.

आता एलईडी. ते बोटाच्या वर, लांबीच्या दिशेनं एका ओळीत, साधारण ८ मिलिमीटर अंतरानं बसवा. प्रत्येकी दोन एकापाठोपाठ जोडून चार जोड्या करा आणि चारही ५ व्होल्टवर समांतर द्या. एका एलईडीवर सुमारे १.४ व्होल्ट पडतात, दोघांवर मिळून २.८. उरलेले २.२ व्होल्ट रोधकावर. ४७ ओहम लावला तर जोडीतून ४७ मिलिअँपिअर जातात, आणि पाव वॅटचा रोधक आरामात टिकतो. चारही जोड्यांना ४७ च लावू नका. बोटाचं टोक बारीक, बुंधा जाड. सगळीकडे सारखा उजेड दिला की टोक पांढरं फटक आणि बुंधा काळाठिक्कर येतो. टोकाकडून बुंध्याकडे १००, ६८, ४७, ४७ ओहम असा क्रम लावून सुरुवात करा आणि चित्र पाहून बदला. एलईडी आणि बोट यांच्यामध्ये दुधी अ‍ॅक्रिलिक, नाहीतर तात्पुरता बटर पेपरचा दुहेरी थर. तो नसेल तर चित्रात आठ ठिपके दिसतील, शिरा नाही.

पायच्या पिनेतून थेट एलईडी चालवू नका. एका पिनेतून १६ मिलिअँपिअरच्या वर घ्यायचे नसतात आणि इथे सगळे मिळून दीडशेच्या आसपास जातात. म्हणून मॉस्फेट. दुकानदार ‘तोच आहे’ म्हणून आयआरएफझेड४४ देईल. नावात ‘एल’ नसलेला तो भाऊ ३.३ व्होल्टवर नीट उघडत नाही, एलईडी मिणमिणत राहतात आणि दोष कॅमेऱ्याला दिला जातो. गेट आणि ग्राउंडमध्ये १० किलोओहमचा रोधक टाका, नाहीतर पाय सुरू होताना दिवे आपोआप लागतात.

उजेड कमीजास्त करण्यासाठी पीडब्ल्यूएम (दिवा झरझर चालू-बंद करणं) वापराल, तर जीपीआयओ १८ वरचं हार्डवेअर पीडब्ल्यूएमच वापरा आणि वारंवारता १० किलोहर्ट्झच्या वर ठेवा. कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र एकदम टिपत नाही, ओळीमागून ओळ वाचतो. मंद लपलपणाऱ्या दिव्याखाली चित्रात आडवे पट्टे पडतात. पट्टे आणि शिरा यांतला फरक माणसाला कळतो, जाळ्याला नाही; ते पट्टेच शिकून बसतं.

खाच करताना एक काळजी घ्या. बोट खालून काचेवर दाबून ठेवायचं नाही. दाबलं की तिथलं रक्त सरकतं, बोट पांढरं पडतं आणि शिरा गायब होतात. टोकाला आणि बुंध्याला टेकू द्या, मधला भाग अधांतरी राहू द्या. टोकाला नखाच्या आकाराचा खळगा ठेवला तर बोट स्वतःभोवती कमी फिरतं, आणि हे फिरणं पुढची सगळ्यात मोठी डोकेदुखी आहे. पेटी आतून पूर्ण काळी हवी. सनबोर्डची कापलेली कड पांढरी असते, तिला काळी टेप लावा.

अवरक्त प्रकाश दिसत नसल्यामुळे डोळे आपोआप मिटत नाहीत. पेटी उघडी असताना एलईडीकडे जवळून टक लावून पाहू नका.

चित्र घेताना

ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो व्हाइट बॅलन्स दोन्ही बंद करा. नाहीतर प्रत्येक बोटाला कॅमेरा आपल्या मनानं उजेड बदलतो, आणि सकाळच्या चित्राचा संध्याकाळच्या चित्राशी मेळ राहत नाही. गेन १ ते २ च्या दरम्यान, एक्स्पोजर २० मिलिसेकंदांपासून सुरू करा. ८५० ला लाल, हिरवा, निळा तिन्ही रंगगाळण्या जवळजवळ सारखाच प्रकाश सोडतात, त्यामुळे चित्र सरळ करड्यात बदललं तरी नुकसान नाही.

चित्र चांगलं आहे का, हे नुसतं पाहून ठरवू नका. बोटाच्या रुंदीला आडवी एक रेघ घ्या आणि तिच्यावरच्या पिक्सेलांच्या किमतींचा आलेख काढा. तो डोंगरासारखा वर जाऊन खाली येतो, आणि शिरेच्या जागी त्यात खळगा पडलेला दिसतो. २५५ पैकी १५ ते २० पायऱ्यांचा खळगा मिळत असेल तर पुढे जा. ५ पायऱ्यांचा मिळत असेल तर पेटीकडे परत. डोंगराचं शिखर कापल्यासारखं सपाट दिसलं तर उजेड जास्त झालाय. तिथली माहिती कायमची गेली, नंतर कुठल्याही प्रक्रियेनं ती परत येत नाही.

आपला चित्रांचा संच करायचा असेल तर किमान २० ते ३० माणसं, दोन्ही हातांची तर्जनी आणि मधलं बोट, आणि प्रत्येक बोटाची दोन वेगवेगळ्या दिवशी सहा-सहा चित्रं घ्या. दर चित्राला बोट बाहेर काढून पुन्हा ठेवायला सांगा. एकदा ठेवलेल्या बोटाची सहा चित्रं म्हणजे एकाच चित्राच्या सहा प्रती, त्यानं फुगलेले आकडे मिळतात आणि दुसरं काही नाही. अंगठी काढायला लावा. हात गार असतील तर शिरा आकसतात. डिसेंबरच्या पहाटे नाशिक-निफाडकडच्या हजेरीला हे तुम्हाला रोज दिसेल. तळवे अर्धा मिनिट चोळले की फरक पडतो. थंडीतली काही चित्रं मुद्दाम संचात ठेवा.

संमती लेखी घ्या. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी बायोमेट्रिक माहिती संवेदनशील ठरवली आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा भर संमतीवर आणि ठरलेल्या कामापुरत्याच वापरावर आहे. कागदावर चार गोष्टी हव्यात: काय घेतो, कशासाठी, किती दिवस ठेवतो आणि पुसायला कुणाला सांगायचं. फायलींना नावं देऊ नका, क्रमांक द्या, आणि नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या जागी कुलपात.

तयार संच

स्वतःच्या ३० माणसांवर जाळं शिकत नाही. आधी तयार संचावर शिकवायचं आणि मग आपल्या पेटीच्या चित्रांवर थोडं घासायचं. मलेशियातला एफव्ही-यूएसएम हा नवख्यांसाठी सगळ्यात सोयीचा: १२३ माणसं, प्रत्येकी ४ बोटं, दोन सत्रांत सहा-सहा, एकूण ५,९०४ चित्रं. चीनमधल्या शानडोंग विद्यापीठाच्या एसडीयूएमएलएमध्ये १०६ माणसांच्या सहा-सहा बोटांची ३,८१६ चित्रं आहेत, पण ती एकाच सत्रातली. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या यूटीएफव्हीपीमध्ये १,४४० चित्रं आहेत. संख्या कमी, दर्जा उत्तम. असे संच सहसा संशोधनापुरतेच वापरता येतात आणि अर्जावर मार्गदर्शक प्राध्यापकांची सही लागते. अर्ज प्रकल्पाच्या पहिल्याच आठवड्यात पाठवा, उत्तराला वेळ लागतो.

बोट सरळ करणं आणि कापणं

पूर्वप्रक्रियेत चार कामं आहेत. बोटाच्या वरच्या-खालच्या कडा शोधा, दोन्ही कडांच्या मधून जाणाऱ्या बिंदूंना सरळ रेषा बसवा, ती रेषा आडवी होईल इतकं चित्र फिरवा आणि मग हवा तेवढा तुकडा कापा.

कुठून कापायचं हे ठरवताना शरीरच मदत करतं. सांध्यांत हाडाऐवजी कूर्चा आणि द्रव असल्यामुळे तिथून जास्त प्रकाश आरपार येतो. बोटाच्या लांबीवर प्रत्येक स्तंभातल्या पिक्सेलांची बेरीज करा, शेजारच्या वीसेक स्तंभांची सरासरी घेऊन आलेख गुळगुळीत करा. दोन उंचवटे दिसतील: एक टोकाकडच्या सांध्याचा, दुसरा मधल्या सांध्याचा. मोठ्या माणसाच्या तर्जनीत त्यांच्यात साधारण अडीच सेंटीमीटर, म्हणजे आपल्या पेटीत १६० च्या आसपास पिक्सेल अंतर असतं. या दोन सांध्यांना धरून तुकडा कापला, की बोट दोन मिलिमीटर पुढे-मागे ठेवलं गेलं तरी तेच पेर त्याच जागी येतं. फक्त एकच उंचवटा सापडला तर अंदाजानं तुकडा कापू नका. ते चित्र नाकारा आणि बोट पुन्हा ठेवायला सांगा.

तुकडा ३०० बाय १०० पिक्सेलचा करा. त्याला ओढून-ताणून चौकोनी करू नका. तयार जाळ्यांची उदाहरणं २२४ बाय २२४ ची असतात म्हणून सगळे तेच करतात, आणि लांबुळक्या शिरा विनाकारण उभट होतात. रेझनेटसारख्या जाळ्याच्या शेवटी सरासरीचा थर असतो, त्याला आयताकृती चित्र चालतं.

मग ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या संग्रहातलं क्लाहे, म्हणजे भागाभागानं उजेड-अंधारातला फरक ठळक करणं: मर्यादा २, घरं ८ बाय ८. मर्यादा ४-५ केली तर चित्र डोळ्यांना झकास दिसतं, पण त्यातली अर्धी नक्षी कातडीच्या सुरकुत्यांची आणि सेन्सरच्या खरखरीची असते.

जाळ्याआधी जुनी पद्धत

जपानमध्ये हिताचीत काम करणाऱ्या मिउरा, नागासाका आणि मियातके यांनी २००४ मध्ये रेघ पुन्हा पुन्हा माग काढून शोधायची पद्धत मांडली आणि नंतर ‘कमाल वक्रता’ ही तिच्याहून सरस पद्धत. मघाशी काढलेल्या आलेखातल्या खळग्याचा सगळ्यात वाकलेला बिंदू, म्हणजे शिरेचा मध्य. सगळ्या दिशांनी असे मध्य जोडले की शिरांचा नकाशा तयार. दोन नकाशे एकमेकांवर थोडे सरकवून किती जुळतात ते मोजायचं. शिकवणं नाही, जीपीयू नाही. स्वित्झर्लंडच्या इदियाप संस्थेच्या बॉब या मुक्त संग्रहात हे तयार मिळतं.

आधी हे चालवा. चांगल्या चित्रांवर ही पद्धत आजही दमदार आहे, आणि तुमचं जाळं हिच्यापुढे गेलं नाही तर चूक बहुधा विदेत (डेटात) किंवा चित्रांच्या वाटणीत आहे. अहवालात तुलनेला एक प्रामाणिक आकडाही मिळतो.

जाळं शिकवणं

‘हा कोण’ याचं थेट उत्तर देणारं वर्गीकरण करू नका. नवा माणूस आला की पूर्ण जाळं पुन्हा शिकवावं लागेल, आणि अनोळखी माणसालाही ते कुणा ना कुणाच्या खात्यात टाकेल. आपल्याला हवी चित्रातून निघणारी २५६ आकड्यांची ओळ, अशी की एकाच बोटाच्या ओळी जवळ येतील आणि वेगवेगळ्या बोटांच्या लांब राहतील.

पायटॉर्चमध्ये पूर्वशिक्षित रेझनेट-१८ घ्या. करडं चित्र तिन्ही रंगांत तसंच भरा. शेवटचा थर काढून २५६ चा लावा आणि त्यावर आर्कफेस, म्हणजे वेगवेगळ्या वर्गांत मुद्दाम अंतर ठेवायला लावणारं लॉस. आर्कफेसचे मूळ आकडे, मोजपट्टी (स्केल) ६४ आणि फरक (मार्जिन) ०.५, लाखो चेहऱ्यांसाठीचे आहेत. काही शे बोटांवर ते लावले की लॉस (जाळ्याच्या चुकीचं माप) पहिल्या दिवशी होता तिथेच अडून बसतो. मोजपट्टी ३०, फरक ०.३ ठेवा, आणि पहिल्या ५ फेऱ्या (इपॉक) फरक शून्य ठेवून मग चढवा. बॅच ६४, अ‍ॅडमडब्ल्यू, शिकण्याचा वेग ०.०००३, ६० फेऱ्या. गूगल कोलॅबच्या फुकट जीपीयूवर एवढं तासाभराच्या आत होतं.

एका माणसाची चार बोटं म्हणजे चार वर्ग. डाव्या आणि उजव्या तर्जनीच्या शिरांचा एकमेकींशी संबंध नसतो.

चित्रांत कृत्रिम बदल करताना ५ अंशांपर्यंत फिरवणं, ५-१० पिक्सेल सरकवणं, उजेड आणि गॅमा हलवणं, थोडं धूसर करणं, एखादा चौकोन खोडणं हे सगळं चालतं. आरशातलं प्रतिबिंब मात्र त्याच वर्गात टाकू नका. उलटलेलं बोट म्हणजे दुसरंच बोट. ते एकाच नावाखाली दिलं तर डावं-उजवं ओळखायची जाळ्याची ताकदच जाते. पण तेच प्रतिबिंब नवा वर्ग म्हणून दिलं, तर शिकवायला घेतलेल्या ७० माणसांच्या २८० बोटांची फुकटात ५६० होतात. छोट्या संचावर याचा चांगला उपयोग होतो.

वाटणी आणि मोजमाप

‘अचूकता ९९.८ टक्के’ असं लिहिलेले बहुतेक प्रकल्प इथे फसलेले असतात. त्यांनी सगळी चित्रं पिसून ८०-२० अशी वाटलेली असतात. म्हणजे ज्या बोटाची पाच चित्रं शिकताना पाहिली, त्याच बोटाचं सहावं परीक्षेत. हा पेपर फुटल्यातला प्रकार झाला.

वाटणी माणसांची करा. एफव्ही-यूएसएममधली ७० माणसं शिकवायला, १३ जुळवणीला, ४० परीक्षेला. परीक्षेतल्या ४० जणांचं एकही बोट जाळ्यानं आधी पाहिलेलं नसावं. मग पहिल्या सत्राचं प्रत्येक चित्र दुसऱ्या सत्राच्या प्रत्येक चित्राशी ताडून पाहा: १६० बोटं, प्रत्येकी ६ गुणिले ६, म्हणजे ५,७६० खऱ्या जोड्या. एकूण ९,२१,६०० जोड्यांतून त्या वजा जाता ९,१५,८४० खोट्या.

दोन चुका मोजायच्या. परक्याला आत घेणं आणि आपल्याला बाहेर ठेवणं. दोन्ही समान होतात तो ईईआर अहवालात द्या, पण दार त्यावर चालवू नका. दारासाठी परक्याला आत घेण्याची चूक ०.०१ टक्क्यावर बांधून घ्या, म्हणजे वरच्या खोट्या जोड्यांपैकी साधारण ९२, आणि तिथे आपली किती माणसं बाहेर राहतात ते सांगा. उंबरठा, म्हणजे किती जुळलं की ‘तोच’ मानायचं तो आकडा, जुळवणीच्या १३ माणसांवर ठरवा. परीक्षेच्या ४० जणांवर ठरवलात तर तीही परीक्षा फुटली.

आता हजेरीचा प्रश्न. माणसानं आधी क्रमांक टाकला आणि मग बोट ठेवलं, तर एकाच नोंदीशी तुलना होते. नुसतं बोट ठेवून ‘मी कोण ते शोध’ म्हटलं, तर ५०० नोंदींशी ५०० तुलना. प्रत्येक तुलनेत ०.०१ टक्का चूक धरली, तरी परका माणूस त्यातल्या कुणाशी तरी जुळायची शक्यता ४.९ टक्क्यांवर जाते. म्हणजे वीसातला एक. क्रमांक टाकायला लावणं लोकांना कटकटीचं वाटतं, पण छोट्या यंत्रणेत तेच शहाणपणाचं. नाहीतर दोन बोटं मागा.

आपल्या पेटीवर आणताना बिघडतं ते

संचावर उत्तम चाललेलं मॉडेल आपल्या पेटीवर पहिल्या दिवशी बहुधा आपटतं. सगळ्यात आधी दिशा तपासा: संचातल्या तुकड्यांत बोटाचं टोक ज्या बाजूला, त्याच बाजूला आपल्यातही हवं, आणि चित्र आरशासारखं उलटं नको. पायचा कॅमेरा उलटा बसवल्यामुळे ही चूक फार होते. मग मापं पाहा. शिरेची जाडी पिक्सेलांत दोन्हीकडे साधारण सारखी हवी. ही दोन्ही ठीक असतील, तर आपल्या २०-३० माणसांच्या चित्रांवर शिकण्याचा वेग दहावा हिस्सा करून १०-१५ फेऱ्या द्या. परीक्षेसाठी काही माणसं इथेही बाजूला काढा.

सकाळी चालतं आणि दुपारी नाही, तर पेटीत ऊन शिरतंय. सूर्यप्रकाशात अवरक्त भरपूर असतो, आणि खिडकीतून खाचेवर पडलेली तिरीप एलईडींना सहज मागे टाकते. तोंडाशी काळ्या कापडाची झालर लावा. आठवडाभरानं सगळ्यांचेच गुण हळूहळू घसरले तर काच पुसा. बोटांचा तेलकटपणा अवरक्त पसरवतो.

एखादाच माणूस रोज अडत असेल तर त्याची नोंद काढून चित्रं पाहा. बहुतेक वेळा नोंदणीच्या दिवशी बोट फिरलेलं असतं. बोट स्वतःभोवती दहा-पंधरा अंशांहून जास्त फिरलं, की शिरा नुसत्या सरकत नाहीत. त्यांची एकमेकींतली अंतरं बदलतात, काही कडेला लपतात. चित्र फिरवून हे दुरुस्त होत नाही. म्हणून नोंदणीला ५ चित्रं घ्या, दर वेळी बोट किंचित वेगळं ठेवायला सांगा, आणि पाचही ओळी साठवा. सरासरी काढून एकच ठेवू नका. एक ओळ २५६ आकड्यांची, म्हणजे १ किलोबाइट. पाच ठेवल्यानं काही बिघडत नाही. ताडताना सगळ्यात जास्त जुळणारी धरा. मूळ चित्रं नोंदणीनंतर पुसा आणि ओळी कूटबद्ध करूनच साठवा. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोटं दहाच आहेत.

खोटं बोट

‘शिरा आत असतात, त्यांची नक्कल होत नाही’ ही जाहिरातीतली भाषा. इदियापच्या संशोधकांनी २०१४ मध्ये शिरांची चित्रं लेझर प्रिंटरवर छापून ती एका सेन्सरवर धरली, आणि संरक्षण नसताना त्यातली ८६ टक्क्यांपर्यंत खरी म्हणून स्वीकारली गेली. कारण तोच टोनर: शिरेसारखाच अवरक्त शोषणारा. २०१८ च्या डिसेंबरमध्ये जर्मनीत केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये यान क्रिसलर आणि युलियान अल्ब्रेख्ट यांनी मेणाचा हात करून तळहाताच्या शिरांचा सेन्सर फसवून दाखवला. त्यासाठी लागला होता गाळणी काढलेला साधा कॅमेरा.

आपल्या पेटीत सगळ्यात स्वस्त उपाय नाडीचा आहे. बोट ठेवल्यावर एक चित्र न घेता ४ सेकंद ३० चौकटींच्या वेगानं घ्या, बोटाच्या मधल्या भागाची सरासरी दर चौकटीला काढा. जिवंत बोटात ती ठोक्यागणिक किंचित वर-खाली होते. ०.८ ते २.५ हर्ट्झच्या पट्ट्यात स्पष्ट शिखर दिसलं तरच पुढची तुलना करा. एलईडीचा पुरवठा डगमगता असेल तर ही चाचणी कागदालाही नाडी दाखवते, म्हणून आधी रिकाम्या खाचेत पांढऱ्या कागदाची घडी ठेवून पाहा. आलेख सपाट यायला हवा. खरं बोट आणि त्याच्यावर चिकटवलेला पातळ छापील कागद एवढ्यानं अडणार नाही, मागच्या बोटाची नाडी कागदातून दिसतेच. त्यासाठी तुमच्याच पेटीत छापील नमुन्यांची शंभर-दोनशे चित्रं घेऊन खरं-खोटं सांगणारं छोटं वेगळं जाळं शिकवा. टोनरच्या ठिपक्यांची आणि कागदाच्या धाग्यांची पोत त्याला लवकर समजते. हे नमुने मात्र क्लाहे लावण्याआधीच्या मूळ चित्रांवरून शिकवा, कारण क्लाहेनं आधी तीच पोत विस्कटते.